दीड हजार पेपरांचा पाहुणा

"ताई, दीडशे पेपर म्हणजे बरेच का हो?"

वहिनी कोथिंबिरीची जुडी घेऊनच कुंपणापाशी आल्या. म्हणजे निवडायचं तर आहे, पण घरात बसून नाही. मी कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. आमच्या नाशिकरोडच्या गल्लीत आकड्यांचा काही प्रश्न निघाला की तो माझ्याकडेच येतो, मग तो पेन्शनचा असो की पाणीपट्टीचा.

"कुणाचे दीडशे?"

"जाऊबाईंच्या जावयाचे. बंगलोरला संशोधन करतो ना तो. काल फोनवर पाऊण तास हेच पुराण. पेपर दीडशे आणि सायटेशनं अडीच हजार. मला आपलं वाटलं मानपत्रं असतील. म्हटलं, एवढी मानपत्रं टांगतात कुठे? तीन खोल्यांचा तर फ्लॅट!"

"मानपत्रं नव्हेत हो. कुणी पेपर लिहिला की शेवटी यादी देतो, अमक्याचं हे वाचलं, तमक्याचं ते वापरलं. त्या यादीत आपलं नाव आलं की झालं एक सायटेशन."

"म्हणजे चारचौघांत नाव निघणं."

"अगदी तेच."

"चांगलं म्हणून निघालं का वाईट म्हणून?"

मी मेंदी कापायची कात्री खाली ठेवली. हा प्रश्न विचारल्याशिवाय मोठमोठ्या निवड समित्या लोकांच्या नेमणुका उरकतात. "मोजणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही," मी म्हटलं. "चूक दाखवायला नाव घेतलं तरी एक, पाया पडायला घेतलं तरी एक."

"आणि आपलं आपणच घेतलं तर?"

"बऱ्याच ठिकाणी तेही धरतात."

"बाई गं!" वहिनींनी एक पिवळं पान टाकलं. "आणि एच का काहीतरी? तो पंचवीस आहे म्हणे."

"एच-इंडेक्स. हिर्श म्हणून कॅलिफोर्नियातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी २००५ साली काढला. पंचवीस पेपर असे, की त्यातल्या प्रत्येकाचं नाव निदान पंचवीसदा निघालंय, म्हणजे एच पंचवीस. एकच पेपर हजारदा निघाला आणि बाकीचे कुणी वाचलेच नाहीत, तर एच एक."

"मग हा पंचवीस चांगला?"

"विषयावर आहे. जीवशास्त्रात माणसं ढिगानं लिहितात नि ढिगानं नावं घेतात. गणितात सगळंच हळू. २०१४ साली 'नेचर'नं जगातल्या सर्वांत जास्त सायटेशनवाल्या पेपरांची यादी केली. पहिला कोण असेल, सांगा."

"आइन्स्टाइन."

"तो त्या यादीच्या आसपासही नाही. पहिला नंबर १९५१ सालच्या लाउरी नावाच्या बायोकेमिस्टच्या पेपराचा. नमुन्यात प्रथिन किती आहे ते मोजायची रीत. तीन लाखांहून जास्त वेळा नाव निघालं. जो तो प्रयोगशाळेत प्रथिन मोजणार आणि खाली लाउरी लिहिणार."

"कामाची गोष्ट सांगितली त्यानं," वहिनी म्हणाल्या. त्यांना हे पटलं. मलाही खरं तर यात काही गैर वाटत नाही. फक्त आइन्स्टाइनपेक्षा लाउरी मोठा असं कुणी म्हणू नये, एवढंच.

"पण वहिनी, पेपरांचाच आकडा पाहिजे असेल तर तुम्हांला खरा माणूस सांगते. पॉल एर्डॉश. हंगेरीचा. गणितात सुमारे दीड हजार पेपर."

"दीड हजार! खायचा कधी?"

"दुसऱ्याच्या घरी."

मग मात्र वहिनींनी कोथिंबीर कठड्यावर ठेवली आणि दोन्ही कोपरं टेकून उभ्या राहिल्या.

एर्डॉश जन्मला बुडापेस्टला, २६ मार्च १९१३ रोजी. आईवडील दोघंही गणिताचे शिक्षक. हा जन्मला त्याच सुमारास त्याच्या दोन लहानग्या बहिणी स्कार्लेट फीव्हरनं गेल्या. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं, वडील रशियनांच्या हाती सापडले आणि सहा वर्षं सैबेरियात अडकले. आईला हा एकच उरला. तिनं त्याला इतकं जपलं, की शाळेतसुद्धा फारसं पाठवलं नाही. पोरगं घरी बसून आकड्यांशी खेळायचं. चार वर्षांचा असताना कुणी पाहुणा आला की त्याला वय विचारायचा आणि तुम्ही इतके सेकंद जगलात म्हणून सांगायचा. १९३४ साली डॉक्टरेट मिळवून इंग्लंडला गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. तिथं चहाबरोबर पाव आला नि हा नुसता बघत बसला. पावाला लोणी आजवर स्वतः कधी लावलंच नव्हतं!

"आईनं बिघडवलं," वहिनींनी निकाल दिला.

"आईनं बिघडवलं आणि जगानं चालवून घेतलं. जन्मभर स्वैपाक नाही, कपडे धुणं नाही, गाडी चालवणं नाही. घर नाही. कायमची म्हणावी अशी नोकरी नाही. लग्न नाही. दोन बॅगा, त्याही अर्ध्या रिकाम्या. या गावच्या गणित्याच्या घरी उतरायचं, म्हणायचं, माझा मेंदू उघडा आहे. की बसले दोघं. दोन-चार दिवसांत यजमान थकला की पुढचं गाव. मात्र निघताना एका पेपराचा ऐवज तयार झालेला असायचा. ज्यांच्याबरोबर पेपर लिहिले अशी माणसं पाचशेच्या वर."

"आणि झोप?"

"चार-पाच तास. पहाटे साडेचारला उठून यजमानाच्या स्वैपाकघरात भांडी आपटायचा, म्हणजे यजमान जागा होईल आणि गणित सुरू करता येईल."

"माझ्या घरी आपटली असती तर मी काय केलं असतं, सांगू?" वहिनींनी सांगितलं. ते इथं छापण्यासारखं नाही.

त्यांचा पुढचा प्रश्न मात्र मला आवडला. "ताई, पाचशे घरी उतरला म्हणता. त्याचे कपडे कुणी धुतले? कॉफी कुणी केली? रात्री अपरात्री ताट कुणी वाढलं? त्या बायकांची नावं आहेत का पेपरावर?"

नाहीत, मी म्हटलं. वहिनींनी नुसतं "हं" केलं. त्या एका हुंकारात विज्ञानाच्या इतिहासावरची बरीच पुस्तकं मावली असती. एर्डॉशवर लिहिणारे सगळे त्याचा विक्षिप्तपणा लाडानं सांगतात, पण तो लाड पुरवायला कुणीतरी रात्री उठत होतं, ते एका ओळीत उरकतात. वर त्याची भाषा! बायकोला 'बॉस' म्हणायचा, नवऱ्याला 'गुलाम'. लग्न झालं म्हणजे माणूस 'पकडला गेला'. पोरांना 'एप्सिलॉन', म्हणजे गणितात अगदी नगण्य राशीला जे अक्षर वापरतात ते. पोरांवर जीव होता हो त्याचा, तेवढं खरं. एखाद्यानं गणित सोडलं तर तो 'मेला'. आणि खरोखरच मेला तर तो फक्त 'निघून गेला'.

"सगळ्याच बायका काही चहा करत बसल्या नव्हत्या," मी न्यायाला धरून सांगितलं. "व्हेरा शोश म्हणून हंगेरीची गणिती, तिचे त्याच्याबरोबर तीसहून जास्त पेपर आहेत. आणि रॉन ग्रॅहम. हा त्याचा दोस्त, न्यू जर्सीत राहायचा. त्यानं घरात एक खोलीच एर्डॉशसाठी काढून ठेवली होती. पैसे तो बघायचा, टपाल तो बघायचा, चेकवर सह्या तो करायचा. त्याची बायको फॅन चुंग, तीही नामांकित गणिती. तिचेही एर्डॉशबरोबर पेपर आहेत."

"म्हणजे आधी जेवायला वाढायचं नि मग गणित."

"दोघं नवराबायको असल्या पाहुण्याला सांभाळायचे. आई गेल्यावर तर फारच सांभाळावा लागला."

आईची गोष्ट वेगळीच. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिनं लेकाबरोबर प्रवास सुरू केला. परदेशाची हौस नव्हती, लेक दिसावा म्हणून. १९७१ साली कॅनडात कॅलगरीला गेली, लेकाच्या व्याख्यानाच्या दौऱ्यातच. त्यानंतर हा गोळ्या घ्यायला लागला. ॲम्फेटामिनच्या, झोप उडवणाऱ्या. दिवसाचे एकोणीस एकोणीस तास गणित. १९७९ साली ग्रॅहमनं पाचशे डॉलरची पैज लावली, महिनाभर गोळी न घेता राहून दाखव. राहिला. पैसे वसूल केले आणि वर म्हणाला, तुझ्यापायी गणित एक महिना मागे पडलं.

"आणि पुन्हा सुरू?"

"लगेच."

"पुरुषांची जात," वहिनी म्हणाल्या. मी विषय पुढे नेला.

एर्डॉशचे दीड हजार पेपर कसे झाले, याला बुद्धी हे एकच उत्तर पुरत नाही. बुद्धी पुष्कळांना असते. माझं मत विचाराल, तर त्या माणसाच्या पोटात काही राहायचं नाही. या गावात ऐकलेलं कोडं त्या गावात सांगायचं. हे कोडं कुणापाशी सुटेल, कुणाला त्यातलं अर्धं आधीच येतं, हे त्याला बरोबर ठाऊक. पंचवीस देशांतल्या गणित्यांची सगळी बित्तंबातमी एका डोक्यात. आपल्याकडे अशी बाई प्रत्येक वाड्यात एक असायची, तिला लोक नावं ठेवायचे. हा गणितात होता, म्हणून सहलेखक ठरला.

पोटात न राहण्यापायी त्याची एकदा मोठी भानगडही झाली. वहिनींना भानगड म्हटल्यावर कोथिंबिरीची आठवण उरली नाही.

१९४८ साल, प्रिन्स्टन. मूळ संख्या म्हणजे दोन, तीन, पाच, सात, अकरा, ज्यांना एक आणि स्वतःखेरीज कुणी भागत नाही त्या. पुढं पुढं जाताना त्या किती विरळ होतात याचा सिद्धांत १८९६ सालीच दोघांनी वेगवेगळा सिद्ध केला होता, पण फार अवजड साधनं वापरून. साध्या हत्यारांनी तो होणारच नाही, असं मोठमोठ्यांचं मत. ॲटली सेल्बर्ग म्हणून नॉर्वेचा तरुण गणिती, अबोल, एकटा काम करणारा. त्याला एक सूत्र सापडलं. ते एर्डॉशच्या कानावर गेलं. एर्डॉशनं ते वापरून एक पाऊल पुढचं सिद्ध केलं आणि ते सेल्बर्गला सांगितलं. त्या पावलाच्या आधारानं थोड्याच दिवसांत अख्खा सिद्धांत साध्या रीतीनं सिद्ध झाला.

"मग दोघांचा मिळून पेपर," वहिनी म्हणाल्या.

"एर्डॉशलाही तेच वाटलं. सेल्बर्गला नाही वाटलं. त्याचं म्हणणं, पाया माझा. तेवढ्यात एर्डॉशनं आनंदाच्या भरात चारचौघांना सांगितलेलं. गणिताच्या जगात बातमी पसरली. असं सांगतात, की सेल्बर्गला न ओळखणाऱ्या कुणीतरी खुद्द सेल्बर्गलाच ऐकवलं, कळलं का, एर्डॉशनं आणि कुण्या एका स्कॅन्डिनेव्हियनानं तो सिद्धांत सिद्ध केला म्हणे!"

"अरे देवा. झालं मग."

"झालंच. सेल्बर्गनं एर्डॉशच्या पावलावाचून जाणारी दुसरी वाट काढली. १९४९ साली दोघांचे दोन वेगळे पेपर निघाले. पुढच्या वर्षी सेल्बर्गला फील्ड्स पदक मिळालं. एर्डॉशला ते कधीच मिळालं नाही."

"तुमच्या मते चूक कुणाची?"

पंच म्हणून बसायला मला आवडतं, पण इथं खरंच अवघड आहे. सूत्र सेल्बर्गचं, आणि त्यावाचून काहीच हललं नसतं. पण सांगितलं असतं एकानं, ऐकलं असतं दुसऱ्यानं आणि दोघांचं नाव लागलं असतं, तर गणिताचं काय बिघडलं असतं? एर्डॉशनं जन्मभर दुसऱ्यांना तेच दिलं. अर्धी कल्पना दिली आणि नाव दोघांचं. मी सेल्बर्गच्या हुशारीला नमस्कार करते आणि जेवायला एर्डॉशला बोलावते, असं वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, बोलवा, पण भांडी तुमची आपटू दे.

"बरं, एवढे पेपर. पैसा?"

पैसा हातात टिकत नसे. कोडी सोडवणाऱ्यांना स्वतःच्या खिशातून बक्षिसं लावायचा. सोप्याला पंचवीस डॉलर, अवघडाला हजारो. सेमेरेडी म्हणून त्याच्याच देशाचा गणिती, त्यानं १९७५ साली असं एक कोडं सोडवून हजार डॉलर मिळवले. त्या सेमेरेडीला पुढं २०१२ साली आबेल पारितोषिक मिळालं. पुष्कळ जण तर एर्डॉशचा चेक वटवायचेच नाहीत, चौकटीत लावून ठेवायचे.

"पाहिलंत, लावतातच भिंतीवर!"

१९८३-८४चं वुल्फ पारितोषिक मिळालं, पन्नास हजार डॉलर. त्यातले स्वतःला ठेवले ७२०. बाकी आईवडिलांच्या नावानं शिष्यवृत्तीला. आणि एक आपल्याकडची गोष्ट. मद्रासला व्याख्यान दिलं तेव्हा मिळालेलं मानधन त्यानं रामानुजनच्या विधवेला, जानकी अम्मालला, देऊन टाकलं. रामानुजनला तो कधी भेटला नव्हता. रामानुजन गेला तेव्हा एर्डॉश सात वर्षांचा. पण तरुणपणी त्याच्या सूत्रांनी वेड लावलं, त्याचं हे ऋण.

वहिनींनी हा भाग ऐकून घेतला आणि मघाचे दोन शेरे मनातल्या मनात मागे घेतले, असं मला वाटलं.

मद्रासचीच आणखी एक. कृष्णस्वामी अल्लाडी तेव्हा कॉलेजात शिकत होता. संख्यांचे मूळ अवयव काढून त्यांची बेरीज करायची, या खेळातून त्याला काही सापडलं. त्यानं हंगेरीला एर्डॉशला पत्र घातलं. एर्डॉश १९७५ साली कलकत्त्याला येणार होता, तिथून पुढं ऑस्ट्रेलियाला. त्यानं वाट वाकडी केली आणि मद्रासला उतरला, या पोराला भेटायला. दोघांचा मिळून पेपर १९७७ साली आला.

"हा नामवंत आणि तो पोरगा, तरी दोघांची नावं बरोबर?"

"बरोबर. गणितात नावं बहुतेक आडनावाच्या अक्षरानुसार लावतात. अल्लाडी आधी, एर्डॉश मागून. बाकीच्या शास्त्रांत साहेबाचं नाव कुठं नि विद्यार्थ्याचं कुठं यावरून रामायण होतं."

"जावयाचं नाव कुठं असतं, विचारते आज," वहिनी म्हणाल्या. विचारणार, यात मला शंका नाही.

आता मराठी माणसाचा संबंध. तो मला फार आवडतो. सुडोकूत एका ओळीत एक आकडा एकदाच येतो ना, उभ्या ओळीतही एकदाच, तसल्या चौकोनाला लॅटिन चौकोन म्हणतात. असे दोन चौकोन एकमेकांवर ठेवले आणि आकड्यांची प्रत्येक जोडी एकदाच आली, तर ते जमले म्हणायचे. ऑयलर म्हणून अठराव्या शतकातला महागणिती. त्यानं लिहून ठेवलं, की सहा बाय सहा, दहा बाय दहा, चौदा बाय चौदा अशा घरांत हे कधी जमायचं नाही. सहाचं खरं निघालं. बाकीचं लोकांनी जवळजवळ पावणेदोनशे वर्षं खरं मानलं. आणि १९५९ साली तिघांनी मिळून ते पार मोडीत काढलं. राजचंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि आपले शरच्चंद्र श्रीखंडे.

"आपले म्हणजे?"

"आपले म्हणजे आपले. नागपूरला शिकवलं, पुढं मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते. १०२ वर्षांचे होऊन २०२० साली गेले. त्या तिघांच्या कामाची बातमी १९५९ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली होती. ऑयलर चुकला, म्हणून!"

"आणि आपल्याला सांगितलं नाही कुणी?"

"आता सांगतेय ना. तर श्रीखंडे-बोस-पार्करांनी जे केलं ते ऐकून एर्डॉश गप्प बसणार? चौला, एर्डॉश आणि स्ट्रॉस अशा तिघांनी लगेच, १९६० साली, त्याच पायावर पुढचा मजला चढवला. घर जितकं मोठं, तितके एकमेकांशी जमणारे चौकोन वाढत जातात, हवे तितके वाढतात, असं त्यांनी दाखवलं. आणि अर्थातच आधीच्या तिघांची नावं घेतली. सायटेशन म्हणजे हे. मोजायच्या आधीचं."

यातला स्ट्रॉस प्रिन्स्टनला आइन्स्टाइनचा मदतनीस होता आणि आइन्स्टाइनबरोबर त्याचे पेपर आहेत. म्हणून आइन्स्टाइनचा एर्डॉश आकडा दोन.

"आता हा आकडा कुठला?"

तो मी मुद्दामच मागे ठेवला होता. एर्डॉशबरोबर ज्यानं पेपर लिहिला त्याचा आकडा एक. त्या माणसाबरोबर लिहिला त्याचा दोन. पुढं तीन, चार. एर्डॉश स्वतः शून्य. १९६९ साली हे थट्टेत छापून आलं. नंतर लोकांनी इतकं मनावर घेतलं, की २००४ साली एकानं ईबेवर लिलाव पुकारला, माझा आकडा चार आहे, माझ्याबरोबर पेपर लिहा आणि पाच मिळवा. बोली हजार डॉलरच्या वर गेली. जिंकणारा स्पेनचा गणिती निघाला. त्यानं पैसे द्यायलाच नकार दिला. हा बाजार बंद पाडावा म्हणूनच त्यानं बोली लावली होती.

बेसबॉलचा महान खेळाडू हँक ॲरन, त्यालाही लोकांनी थट्टेनं आकडा एक दिला. १९७४ साली ॲरननं बेब रूथचा ७१४ होम रनचा विक्रम मोडला, तेव्हा पॉमरन्स नावाच्या गणित्याच्या लक्षात आलं, की ७१४ आणि ७१५ यांच्या मूळ अवयवांची बेरीज सारखीच येते. दोन, तीन, सात आणि सतरा मिळून एकोणतीस. पाच, अकरा, तेरा मिळूनही एकोणतीस. त्यानं त्यावर गमतीचा लेख लिहिला, एक अंदाज वर्तवला. एर्डॉशचा फोन आला, अंदाज खरा आहे, सिद्धता माझ्यापाशी आहे, येऊ का? पुढं दोघांनी वीसहून जास्त पेपर लिहिले. १९९५ साली एमरी विद्यापीठानं एर्डॉश आणि ॲरन दोघांनाही मानद पदवी दिली. तिथं दोघांनी मिळून एका चेंडूवर सह्या केल्या. झाला की नाही संयुक्त प्रबंध?

"चेंडूवर!" वहिनी हसल्या. "मग माझा आकडा काय?"

"तुमचा अनंत."

"हे बरं आहे. सगळ्यांत मोठा."

मी तो गैरसमज दूर केला नाही.

"आता सांगा, त्याची सायटेशनं किती?"

तेच सांगायचं होतं. १९५९-६०च्या सुमारास त्यानं आल्फ्रेड रेनी या मित्राबरोबर काही पेपर लिहिले. समजा, कॉलनीत हजार माणसं आहेत, कुणाचीच कुणाशी ओळख नाही. आता चिठ्ठ्या टाकून कुणाचीही कुणाशी ओळख करून देत जायचं. सुरुवातीला दोघादोघांचे, चौघाचौघांचे घोळके. माणशी सरासरी एक ओळख होईपर्यंत हे असंच चालतं. ती रेघ ओलांडली, की बघता बघता एकच प्रचंड घोळका होतो, आणि एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोचायला लागते.

"हे सांगायला गणित कशाला पाहिजे?" वहिनी म्हणाल्या.

"रेघ नेमकी एकवरच आहे, हे सांगायला."

तेव्हा हे निव्वळ गणित होतं. पुढं इंटरनेट आलं, रोगाच्या साथी कशा पसरतात याचं गणित मांडणारे आले, मेंदूतली जाळी मोजणारे आले. ते सगळे रेनी-एर्डॉशचं नाव घ्यायला लागले. या एका विषयावरची त्यांची सायटेशनं आता हजारोंनी आहेत आणि त्यातली बहुतेक एर्डॉश गेल्यानंतरची. पेपर लिहिला तेव्हाच समितीनं मोजायला घेतला असता, तर काय हाती लागलं असतं? आणि दीड हजारातले सगळेच काही सोन्याचे नव्हते. पुष्कळ छोटे, कोड्यांचे, हातासरशी केलेले. त्याला रुंदी होती, खोली कमी, असं म्हणणारेही होते. उलट बाजूला रशियाचा पेरेलमन घ्या. २००२-०३ साली तीन लेख नुसते इंटरनेटवर टाकले, शंभर वर्षांचं कोडं सुटलं, पुढं पदक नाकारलं आणि दहा लाख डॉलरही नाकारले. त्याला कुठल्या फुटपट्टीनं मोजणार?

"आणि आपले देवळालीचे ते मास्तर?" वहिनींनी अचानक विचारलं. "सासरे सांगायचे. आकड्यांचं वेड होतं म्हणे."

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ शाळामास्तर. सहलेखक नाहीत, विद्यापीठ नाही. बरंचसं लिखाण स्वतःच छापलेलं, नाहीतर फारसं कुणी न वाचणाऱ्या नियतकालिकांतून आलेलं. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. वहिनींना म्हटलं, चार आकडे सांगा, सगळे सारखे नकोत.

"लग्नाचं साल. १९८७."

"मोठ्याकडून लहान मांडा, ९८७१. उलटं, १७८९. वजा करा."

वहिनींनी बोटानं कठड्यावरच्या धुळीत मांडलं. ८०८२. पुन्हा तसंच, ८८२० वजा ०२८८, ८५३२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८.

"६१७४," त्या म्हणाल्या.

"आता त्याच्यावर तेच करा. ७६४१ वजा १४६७."

"६१७४च! आणि दुसरे आकडे घेतले तर?"

"कुठलेही घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथंच. कापरेकर स्थिरांक म्हणतात त्याला जगभर."

"मग त्यांची सायटेशनं तरी असतीलच की ढीगभर!"

गंमत अशी, की नाव वस्तूलाच चिकटलं की लोक खाली पेपर द्यायचा विसरतात. कापरेकर स्थिरांक लिहिला की झालं, मूळ लेख कुठं छापला होता हे कोण देतंय? एर्डॉश आकड्याचंही तेच. ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, त्याचं खातं रिकामं. हे वहिनींना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, मला पहिल्यांदाच कळलं होतं, पण पटत नव्हतं.

"शेवटी गेला कसा हो तो?"

"कामावर. २० सप्टेंबर १९९६ला, वॉर्सात, गणिताच्या परिषदेला गेलेला असताना. त्र्याऐंशी वर्षांचा होता."

"आणि पेपर थांबले."

"कुठले थांबतात! सहलेखकांच्या कपाटांत अर्धवट कामं पडलेली होती, ती वर्षानुवर्षं निघत राहिली. एक तर २०१५ साली निघाला. एक भागिले काहीतरी अशा वेगवेगळ्या अपूर्णांकांची बेरीज करून कुठलीही पूर्ण संख्या मिळवायची, आणि प्रत्येक छेद तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार पाहिजे, जसा तीस म्हणजे दोन गुणिले तीन गुणिले पाच. हे ग्रॅहम आणि एर्डॉशचं जुनं काम. ते स्टीव्ह बटलर म्हणून तरुण गणित्यानं ग्रॅहमबरोबर तडीला नेलं. लेखक तिघं, बटलर, एर्डॉश, ग्रॅहम. एर्डॉश जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. आणि बटलरचा एर्डॉश आकडा झाला एक."

वहिनींनी कोथिंबीर उचलली, हिशेब केला.

"म्हणजे याच्या घरी पहाटे कुणी भांडी आपटली नाहीत, कपडे धुवावे लागले नाहीत, एक कप कॉफीसुद्धा नाही, आणि आकडा मात्र एक!"

"एक."

"हुशार निघाला."